बिनझेंड्याचा ॲडमिरल

आमच्या प्लिमथमध्ये, इंग्लंडच्या नौदलाच्या या बंदरात, बाईचं वय कुणी विचारत नाही, तिच्या नवऱ्याची तारीख विचारतात. तो कॅप्टन कोणत्या तारखेला झाला एवढं कळलं की पुरे. तो ॲडमिरल कधी होणार हे त्यावरून ठरतं, आणि मेजवानीला जेवणघरात त्याच्या बायकोनं कुणाच्या पुढे नि कुणाच्या मागे शिरायचं तेही. मधे कुणालाच उडी मारता येत नाही. वरच्या म्हाताऱ्यांनी एकेक करून डोळे मिटायचे आणि खालच्यांनी वर सरकायचं. म्हणून न्याहारीच्या वेळी आधी वर्तमानपत्रात कोण वारलं ते वाचायचं आणि मग पावाला लोणी लावायचं, ही इथल्या सगळ्या घरांची रीत. अँब्रोजच्या वरचा कुणी गेला की मी "बिचारा" म्हणायची आणि लोणी जरा जास्तच लावून घ्यायची.

अँब्रोज माझा नवरा. माझी मावसबहीण डॉर्कस हिचा नवरा जॅस्पर होल. दोघे एकाच आठवड्यात कॅप्टन झाले, पण अँब्रोज आधी. त्या एवढ्याशा फरकावर मी तग धरून होते, कारण बाकी सगळं डॉर्कसकडे होतं. जॅस्परला 'एग्लँटाईन' हे मोठं लढाऊ जहाज मिळालं. त्यानं बिस्केच्या उपसागरात फ्रेंचांची जहाजं धरली, आणि त्या इनामातून डॉर्कसचं स्टोनहाऊसमधलं घर उभं राहिलं, थेट समुद्रावर उघडणाऱ्या खिडक्यांचं. अँब्रोज मात्र जहाज नाही म्हणून अर्ध्या पगारावर घरी. तो परसात कोबी लावायचा आणि आमच्या लेकीला, टॅम्सिनला, खांद्यावर बसवून धक्क्यावर जहाजं दाखवायला न्यायचा. तुला का देत नाहीत एखादं जहाज, असं मी विचारलं की म्हणायचा, मागणारे पुष्कळ, जहाजं थोडी.

डॉर्कस भेटली की माझ्या झग्यावरून हात फिरवायची. "जुनीच बाही उलटवून शिवलीस वाटतं? छान हो. मुळीच कळत नाही." मी हसायची. मग जेवणाची घंटा व्हायची आणि मी तिच्या रेशमाच्या पुढे होऊन आत शिरायची. दारापासून खुर्चीपर्यंतची ती वाट माझी होती. तेवढ्या वाटेत मागून येणारी तिच्या झग्याची सळसळ मला गाण्यासारखी गोड लागायची.

मार्चमध्ये लंडनची डाकगाडी आली आणि गावभर झालं, जॅस्पर होल रिअर ॲडमिरल झाला, निळ्या तुकडीचा. मी पोरीला भरवत होते. चमचा हातातच राहिला. मग हिशेब सुचला आणि मी मोठ्यानं हसलेच. जॅस्परपर्यंत बढती आली, म्हणजे त्याच्या वरच्या सगळ्यांना मिळाल्याशिवाय ती तिथवर येणारच नाही. मग अँब्रोजही ॲडमिरल, आणि जॅस्परच्या आधी. टॅम्सिनचं तोंड पुसलं, तिला ॲडमिरलची लेक म्हटलं, आणि तिनं लापशीचा एक फवारा उडवून त्याला मान्यता दिली. दुपारपर्यंत मी खाटकाला सांगून झाले होते, पाद्र्याच्या बायकोला सांगून झाले होते. अँब्रोज मला नावानं हाक मारून एवढंच म्हणाला, "लव्हडे, कागद येऊ दे." त्याचा स्वभावच तसा, असं मी धरून चालले.

संध्याकाळी बंदराच्या ॲडमिरलकडे मेजवानी होती. दोन वर्षांच्या टॅम्सिनच्या मागच्या दाढा येत होत्या, ती रडत होती. तू जा, मी हिच्याजवळ थांबतो, असं अँब्रोज म्हणाला. मी झग्याला निळी फीत लावून गेले.

घंटा झाली. मी नेहमीसारखी डॉर्कसच्या पुढे सरकले. तेवढ्यात यजमानीणबाई, लेडी क्विलर, यांचा हात माझ्या कोपरावर आला.

"थांब, बाळा. आज डॉर्कस आधी."

त्यांची चूक होतेय असं वाटून मी हळूच सांगितलं, बाईसाहेब, अँब्रोज जॅस्परच्या वर आहे.

"आहे ना. म्हणून तर त्यालाही बढती द्यावी लागली. त्याला ओलांडून जॅस्परला घेता येत नव्हतं. ॲडमिरल झालाय तुझा नवरा. पण तुकडी नाही, झेंडा नाही, जहाजही मिळणार नाही. असल्यांना काय म्हणतात ते तुला ठाऊकच आहे."

ठाऊक होतं. पिवळा ॲडमिरल म्हणतात, कारण आमच्या नौदलात लाल, पांढरी आणि निळी अशा तीनच तुकड्या, पिवळी नाहीच. जहाजाविना किनाऱ्यावर राहिलेल्यांना असं मानानं बाजूला काढतात, आणि मेजवानीत त्यांच्या बायकाही मागे जातात. मी स्वतः अशांच्या बायकांना हसले होते. तसले ॲडमिरल दुसऱ्यांच्या घरात होतात, असं मी धरलं होतं.

मी डॉर्कसच्या मागून आत गेले. तिच्या झग्याचा घोळ माझ्या पायांत येत होता आणि मला तो चुकवत चालावं लागत होतं. पुढ्यात मटण आलं, मी ते कापत राहिले. टेबलाच्या पलीकडे जॅस्पर कुणाला तरी लढाई सांगत होता. त्या लढाईत हा पडला असता तर, असं मनात आलं, आणि मी ते लगेच हाकलून दिलं नाही.

पुरुष मद्य घेत बसले आणि आम्ही बायका चहाला दिवाणखान्यात आलो. डॉर्कस नेमकी माझ्या शेजारी बसली. मला राहवलं नाही. म्हटलं, 'एग्लँटाईन' अँब्रोजला मिळालं असतं तर आज पुढे कोण चाललं असतं, ते बघितलं असतंस.

डॉर्कसनं कप खाली ठेवला.

"त्यालाच मिळालं होतं," ती म्हणाली. "सांगितलं नाही का तुला? टॅम्सिन नुकती झाली होती, तू तापात होतीस. बायको वाचते की नाही ते कळल्याशिवाय मी निघणार नाही, असं त्यानं वर कळवलं. लढाईच्या दिवसांत असं कळवतं का कुणी? मग ते आमच्याकडे आलं."

ती थांबली नाही.

"माझी तीन बाळंतपणं झाली. जॅस्पर एकालाही नव्हता. धाकटा गेला, ते त्याला समजेतो थडग्यावर गवत उगवलं होतं. तू माझ्या पुढे चालायचीस, त्याचं मला काही नव्हतं गं. पण तुझा नवरा पोरीला खांद्यावर घेऊन धक्क्यावर यायचा ना, तेव्हा मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरात जॅस्परच्या जहाजावर त्याचा ॲडमिरलचा झेंडा चढणार होता. अँब्रोज टॅम्सिनला घेऊन टेकडीवर निघाला, मीही निघाले. आदल्या रात्रीचं आम्ही कुणीच काही काढलं नाही. वारा बोचरा होता. अँब्रोजनं पोरीला आपल्या कोटात घेतलं होतं आणि तिच्या दुखऱ्या हिरडीला आपलं बोट चावायला दिलं होतं.

खाली निळा झेंडा डोलकाठीवर चढला आणि तोफा सुरू झाल्या. अँब्रोजनं चटकन पोरीचा एक कान आपल्या छातीशी दाबला, दुसऱ्यावर तळवा ठेवला. पोरगी खुदकन हसली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर झेंड्याबरोबर वर वर चालली होती, आणि प्रत्येक तोफेआधी त्याचे ओठ किंचित हलत होते, जणू हुकूम तोच देत होता.

डॉर्कसचा हेवा आता सुटला, असं मला रात्री वाटलं होतं. सुटला नव्हता, नुसता तिच्यावरून 'एग्लँटाईन'वर सरकला होता. बाईशी माझी बरोबरी तरी होती. त्या जहाजाशी मी काय करणार होते?

"अँब्रोज," मी म्हटलं, "'एग्लँटाईन'साठी तुला पुन्हा विचारलं असतं तर?"

हे मला कुणी सांगितलं, ते त्यानं विचारलं नाही. तोफा संपेपर्यंत तो थांबला.

"तेव्हा विचारलं असतं, तर हेच उत्तर."

"आणि आज?"

त्यानं टॅम्सिनला दुसऱ्या कडेवर घेतलं, तिची टोपी सारखी केली.

"आज तू बरी आहेस," तो म्हणाला.

आणखी बराच वेळ तो तिथेच उभा राहिला. मी "चल" म्हटलं नाही, पण त्याच्या कोटाची बाहीही सोडली नाही.