रंगद्वीपची तीन दिवसांची जेवणं

शरयूला कुणी मत विचारलं की ती "तुम्ही ठरवाल ते" म्हणायची, आणि तिच्या मनातही खरंच तसंच असायचं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सदतीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली होती. मध्ये बोलायचं नाही, हे तिच्या अंगातच मुरलं होतं. म्हणून त्या शनिवारी इंदरगंजला दादाच्या घरी ती शांतपणे म्हणाली की आपण प्लान न घेता कार्डं घ्यावीत, तेव्हा सगळ्यांनीच वळून तिच्याकडे पाहिलं.

विषय होता रंगद्वीपचा. जयपूरच्या अलीकडे झालेलं ते मोठं झुल्यांचं आणि पाण्याच्या खेळांचं पार्क. डिसेंबरच्या सुट्टीत तिथे तीन दिवस राहायला जायचं पक्कं झालं होतं. दादा म्हणजे माधवराव, शरयूपेक्षा आठ वर्षांनी मोठे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा अपूर्व, सून अंतरा, बारा वर्षांची नात अश्लेषा आणि शरयू, अशी पाच माणसं. खोल्यांचं बुकिंग झालं होतं. राहिलं होतं जेवणाचं, आणि त्याची सवलत रविवारी रात्री संपणार होती.

अपूर्वने लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवून दोन्ही पर्याय समजावून सांगितले. एक म्हणजे जेवणाचा प्लान. सगळे पैसे आधीच भरायचे, मनगटाला पट्टी मिळते, ती दाखवून सकाळचा नाश्ता आणि दोन वेळचं जेवण पार्कच्या दोन मोठ्या भोजनगृहांत, आपापल्या ठरलेल्या वेळी. दुसरं म्हणजे सवलतीचं कार्ड. ते स्वस्त, ते दाखवलं की पार्कातल्या कुठल्याही दुकानात, कुठल्याही ठेल्यावर बिलात वीस टक्के सूट, पण दर वेळी बिल आपण चुकवायचं.

माधवरावांनी दोन मिनिटांत निकाल दिला. प्लान घ्यायचा, एकदा पैसे भरले की डोक्याला ताप नाही, पैसे मी भरतो. अश्लेषा कुरकुरली. प्लानमध्ये बाहेरच्या कुल्फीच्या आणि मोमोच्या ठेल्यांवर काहीच मिळत नाही, हे तिने वाचून काढलं होतं. "आजोबा, तीन दिन बस थाळी? मग जायचंच कशाला," असं तिचं म्हणणं. आणि तेवढ्यात शरयू बोलली.

"तुला ग काय करायचंय त्यात," माधवराव हसून म्हणाले. "मी आहे ना."

एवढं म्हणून ते चहाचं बघायला आत गेले. शरयू गप्प बसली, पण नेहमीसारखी नव्हे. अंतराच्या ते ध्यानात आलं असावं. तिने अपूर्वला सांगितलं की आज भरू नकोस, उद्या दिवसभर आहे अजून.

शहराच्या दुसऱ्या भागात, थाटीपूरला आपल्या फ्लॅटवर परतताना, सवारीच्या टेम्पोत शरयूच्या डोक्यात तेच चालू होतं. तिला कार्ड का हवं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कार्ड असलं की दर जेवणाला काउंटरवर कुणाला तरी बिल द्यावं लागणार, आणि ती दादाच्या आधी पुढे होणार होती. एकदा तरी. एक कचोरी का असेना, दादाने तिच्या पैशाने खायला हवी होती.

बाबा गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि दादा एकोणीसचा. कॉलेज सोडून दादा नोकरीला लागला. तिची फी, तिची पुस्तकं, आईचं औषधपाणी, सगळं त्याने केलं. पुढे तिला नोकरी लागली, तिने लग्न केलं नाही, स्वतःचा फ्लॅट घेतला, तरी दादाचा हात काही मागे झाला नाही. रिक्षातून उतरलं की पैसे दादाचे. हॉटेलात बिलाची वही टेबलावर येण्याआधीच त्याचा हात खिशात. तिने कधी तक्रार केली नाही, करावीशीही वाटली नाही. पण तीन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली तेव्हा तिने महाराज बाड्याच्या चौकाजवळच्या एका चांगल्या हॉटेलात घरच्या सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. महिनाभर आधी टेबल सांगून ठेवलं होतं, नवीन साडी नेसली होती. जेवण झाल्यावर तिने पर्स उघडली, तर वेटर म्हणाला, "मैडम, बिल तो सर सुबह ही जमा कर गए." सगळे हसले. तीही हसली. घरी येऊन साडीची घडी घालताना मात्र तिला रडू आलं होतं, आणि हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या विजयाबाई वर आल्या. एक्स्चेंजमधल्याच त्या, शरयूच्या शेजारच्या खुर्चीवर वीस वर्षं बसलेल्या. उन्हाळ्यात मुलगी-जावयाबरोबर त्या रंगद्वीपला जाऊन आल्या होत्या, म्हणून शरयूने मुद्दाम विचारलं. त्यांनी कार्डच घेतलं होतं. सूट मिळाली, नाही असं नाही, असं त्या म्हणाल्या. पण दुपारी एक वाजता प्रत्येक ठेल्यासमोर ही भली मोठी रांग. पाऊण तास उभं राहिल्यावर त्यांची साखर उतरली, हातपाय कापायला लागले, आणि जावयाने कुणाच्या तरी हातातलं सरबत मागून त्यांना पाजलं. प्लानवाले मात्र आपल्या वेळेला सरळ आत जाऊन बसत होते.

विजयाबाई गेल्यावर शरयू बराच वेळ बाल्कनीत बसून राहिली. दादा गेली सहा वर्षं इन्सुलिनवर होता. दुपारी एकच्या ठोक्याला त्याचं जेवण व्हायलाच हवं. वहिनी होत्या तोवर त्या बघायच्या, आता अंतरा बघते. त्याला काउंटरवरून मागे सारून आपण बिल देणार, ह्या सुखासाठी आपण त्याला उन्हात रांगेत उभं करायला निघालो होतो, हे शरयूला स्वतःच्या तोंडाने स्वतःशी कबूल करावं लागलं. त्याच्या दृष्टीने प्लानच बरा होता. आणि मग तिला वाटलं, आपल्याला कार्ड हवंच कुठे होतं? जे हवं होतं ते आपण मागितलंच नाही. बावन्न वर्षांत एकदाही नाही.

रविवारी सकाळी ती नाश्त्याला गरम बेडई, डाळीचं सारण भरलेल्या पुऱ्या, घेऊन इंदरगंजला पोचली. माधवराव गच्चीवर उन्हात वर्तमानपत्र वाचत बसले होते. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि गच्चीत दुसरं कुणी नाही हे बघून म्हणाली, "दादा, प्लानच घेऊ. तूच बरोबर होतास. पण पैसे मी भरणार. पाचही जणांचे."

माधवरावांनी पेपर खाली ठेवला. ते म्हणणार ते त्यांनी म्हटलंच, की असं कसं, तुझी पेन्शन ती केवढी, मी असताना तू कशाला. शरयूने त्यांना मध्येच थांबवलं. असं तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. बाड्याजवळच्या त्या जेवणाचं तिने सांगितलं. साडीचं सांगितलं, वेटरचं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण काही गाळलंही नाही.

माधवरावांनी खाली ठेवलेल्या पेपरची नीट घडी घातली. "मला वाटलं तुला बरं वाटेल," ते म्हणाले. आणि मग, "शरू, तुला उज्जैनचं आठवतं? मामाकडचे चार महिने?"

बाबा गेल्यावर, दादाला नोकरी लागेपर्यंत, तिघं जण उज्जैनला मामाकडे राहिली होती. एवढं तिला आठवत होतं.

"मामी पोळ्या मोजून वाढायच्या," माधवराव म्हणाले. "एकदा तू तिसरी मागितलीस. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या डब्याकडे बघत राहिल्या. तू लगेच म्हणालीस, नको, पोट भरलं. मी समोर बसलो होतो. त्या दिवशी मी ठरवलं, की हिच्यावर ताटाकडे बघून विचार करायची पाळी पुन्हा येऊ द्यायची नाही. तेव्हापासून बिल दिसलं की मला बसवत नाही बघ."

शरयूने आठवण्याचा खूप प्रयत्न केला. तिला डबा आठवेना, पोळी आठवेना. मामीचा चेहरासुद्धा धूसर होता.

"दादा, मला तर मामीकडचं फक्त पेरूचं झाड आठवतं," ती म्हणाली. "मी दुपारभर त्यावर बसायचे. मजेत होते रे मी तिथे."

 माधवरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, आणि एकदम हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "झाडावर," ते म्हणाले. "आणि मी इकडे बावन्न वर्षं..."  शरयूलाही हसू फुटलं. वर चहा घेऊन आलेल्या अंतराला बहीणभावांना काय झालं ते कळेना. तिने चहा ठेवला आणि ती काही न विचारता खाली गेली.

दुपारी सगळे पुन्हा लॅपटॉपभोवती बसले. शरयूने आपलं बँकेचं कार्ड पर्समधून काढून अपूर्वच्या हातात दिलं. अपूर्वने वडिलांकडे पाहिलं. माधवरावांनी मान हलवली, "भर," म्हणाले. मोबाइलवर आलेले सहा आकडे शरयूने मोठ्याने वाचून दाखवले. असे आकडे तिने आयुष्यभर वाचले होते, पण इतक्या ऐटीत कधीच नाही. पैसे भरले गेले, हिरवी खूण आली.

अश्लेषाचं तोंड मात्र उतरलेलंच होतं. कुल्फी गेली, मोमो गेले. तेव्हा माधवराव खाकरले आणि शरयूकडे वळून, जरा चाचरतच, त्यांनी विचारलं, "ते सवलतीचं एक कार्ड, या पोरीपुरतं, मी घेऊ का?"

आपल्याला कुणी परवानगी विचारतंय, हे समजायला शरयूला एक क्षण लागला. "घे की," ती म्हणाली. "पण एकच हं."

"आत्याआजी, तू ना सच में बेस्ट आहेस," अश्लेषा म्हणाली, आणि कुठल्या ठेल्यावर काय खायचं याची यादी करायला बसली.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी धुकं इतकं होतं की गाडी नऊ वाजेपर्यंत घरासमोरच उभी होती. धौलपूर ओलांडल्यावर ऊन पडलं. रंगद्वीपला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि भोजनगृहात पहिल्यांदा ते रात्रीच्या जेवणाला गेले. दाराशी एक मुलगी हातात यंत्र घेऊन उभी होती. माधवरावांचा हात सवयीने खिशात गेला. तिने त्यांच्या मनगटावरच्या पट्टीला यंत्र लावलं आणि म्हणाली, "हो गया अंकल, आप अंदर बैठिए." ते क्षणभर तिथेच उभे राहिले, मग रिकामा हात खिशातून काढून आत गेले.

आत ते अवघडून बसले होते. शरयू गुपचूप बघत होती. हॉटेलात गेलं की दादा नेहमी सगळ्यांना विचारायचा, हे घे, ते घे, मुलीला आणखी वाढा. स्वतः काय खायचा हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तो बिलाच्या नादात कसंबसं दोन घास खाऊन मोकळा व्हायचा. आज वाढणारं कुणी नव्हतं, ज्याने त्याने उठून घ्यायचं होतं. माधवरावांनी इन्सुलिन घेतलं, ताट घेतलं आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकणं उघडून बघत गेले. परत आले तेव्हा ताटात एक फुलका, थोडी डाळ आणि बरीचशी बेसनाच्या गट्ट्यांची भाजी होती. ती संपवून ते पुन्हा उठले आणि आणखी गट्टे घेऊन आले.

"तुला गट्टे इतके आवडतात हे मला माहीतच नव्हतं," शरयू म्हणाली.

"मला तरी कुठे माहीत होतं," ते म्हणाले, आणि जेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी अपूर्व, अंतरा आणि अश्लेषा पाण्याच्या घसरगुंडीकडे गेली. एका हातात आजोबांनी घेतलेलं कार्ड आणि दुसऱ्या हातात कुल्फी, अशी अश्लेषा मधूनमधून दर्शन देऊन जायची. बरोबर एक वाजता दोघं बहीणभाऊ आपापली पट्टी दाखवून जेवून आली. मग लहान मुलांच्या आगगाडीत बसली. गाडी तळ्याला फेरी घालून यायची. डब्यात बाकी सगळी पाच-सहा वर्षांची पोरं. माधवरावांचे गुडघे समोरच्या बाकाला टेकत होते. शरयूने त्यांना जरा आत सरकायला सांगितलं, ते सरकले. ऊन छान होतं. फेरी संपली तेव्हा उतरायचं सोडून माधवराव तिथेच बसून राहिले, आणि शिट्टी झाली तशी गाडी त्या दोघांना घेऊन पुन्हा तळ्याच्या दिशेने निघाली.