पारडाच्या पोटातलं घड्याळ

पिल्लू भुकेनं रडत नव्हतं, हे हर्षलाला पहिल्याच रात्री कळलं. दूध पिऊन पोट टम्म होतं, अंगावर गोचीड नव्हती, नाक ओलं होतं. तरी दिवा मालवला की ते पडवीतल्या खोक्यातून मान वर काढायचं आणि एकाच पट्टीत सुरू व्हायचं. मधेच थांबायचं, मान तिरकी करून ऐकायचं, कुणी उत्तर दिलं नाही की पुन्हा सुरू. त्याला रडणं म्हणण्यापेक्षा हाक म्हणणं बरोबर होतं.

साजगावच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत, हर्षला नोकरीला होती. कंपनीची बस शिळफाट्याला थांबायची. तिथल्या चहाच्या टपरीमागं एक कुत्री व्याली होती. तिची पिल्लं एकेक करून हायवेवर गाड्यांखाली गेली आणि त्यांच्यामागं एक दिवस कुत्रीही गेली. उरलेलं एक हर्षलानं डब्याच्या पिशवीत घालून कडावला घरी आणलं आणि त्याचं नाव वाघ्या ठेवलं.

"वाघ्या!" तिची आई सोनुबाई म्हणाली. "कोंबडी बघून मुततंय ते. वाघ्या म्हणं!"

हर्षलाचा बाप पदू हसला नाही. त्याला पहाटे उठून म्हशीची धार काढायची असे आणि मोटरसायकलला कॅन लावून कर्जतच्या बिल्डिंगींमध्ये दूध घालायचं असे. झोप मोडली की तो दिवसभर डोकं धरून फिरायचा.

"गप कर त्याला," तो म्हणाला. "नाय तर जिथनं आणलंस तिथंच नेऊन टाकीन, पोत्यात घालून."

"बाबा, तिथं ट्रक हायत. त्याची सगळी भावंडं..."

"मंग गप कर. एवढी शाळा शिकलीस, न् वीतभर पिल्लू गप होत नाय तुज्याच्यानं?"

तिनं मोबाईलवर शोधलं. आईच्या वासाचं फडकं जवळ ठेवा, असं एका ठिकाणी लिहिलं होतं. ते आता मिळण्यासारखं नव्हतं. गरम पाण्याची बाटली ठेवा. फडक्यात गुंडाळून घड्याळ ठेवा, टिकटिक ऐकून पिल्लाला आईचं काळीज वाटतं. तिनं कपाटातलं चावीचं जुनं गजराचं घड्याळ काढलं आणि दोन्ही वस्तू खोक्यात ठेवल्या. वाघ्यानं बाटली हुंगली, घड्याळ नाकानं कोपऱ्यात ढकललं आणि हाका मारायला लागला.

घरात घेतलं तर सोनुबाईनं केरसुणी उचलली. "देव हायत घरात." हर्षलानं स्वतःचीच चटई पडवीत टाकली, तर पदू उठून आला.

"लग्नाची पोरगी उघड्यावर निजणार? बिबट्या आला तर काय तुज्या वाघ्याला इचारून येईल?"

रात्री न झोपणारं पिल्लू दिवसा कुठं झोपतं, हे तिनं रविवारी पाहिलं. ते गोठ्यात झोपत होतं, कोपऱ्यात ठेवलेल्या पेंढ्याच्या पारडाला चिकटून.

हे पारडू मूळचं खरंच होतं. भुरी म्हैस व्याली तेव्हा टोणगा झाला. टोणग्याला दूध पाजणं म्हणजे दूध वाया घालवणं. पदू धारेआधी त्याला सडाला लावायचा, पान्हा सुटला की मान धरून ओढायचा आणि समोरच्या खुंटीला बांधायचा. त्याच्या तोंडाला दुधाचा फेस दिसायचा, पोटात काही जायचं नाही. हर्षलानं एकदा त्याच्या अंगावरून हात फिरवला तर कातडीखाली फक्त फासळ्या लागल्या. एका सकाळी ते उठलंच नाही. पारडू गेल्यावर भुरी दूध चोरायला लागली, पान्हा सोडेना. मग पदूनं त्याचंच कातडं मीठ लावून वाळवलं, आत पेंढा कोंबला, पायांच्या जागी चार काठ्या घातल्या आणि डोळ्यांच्या भोकांना सुतळीचे टाके मारून घेतले. धारेच्या वेळी ते मिठाचं पाणी शिंपडून भुरीपुढं उभं करायचं. भुरी चाटायची. तिला ते पोर वाटत होतं की नुसतं मीठ, हे सांगता आलं नसतं. दूध यायचं, पण थांबत थांबत, पदूची बोटं दुखेपर्यंत.

त्या रात्री हर्षलानं पारडू उचलून पडवीत आणलं. पोटाची शिवण थोडी उसवली. पेंढा बाजूला सारून गरम पाण्याची बाटली आत बसवली, घड्याळाला चावी दिली आणि तेही आत ठेवलं. कातडीवर कान टेकून पाहिला. ऐकू येत होतं.

वाघ्या काठ्यांच्या पायांमध्ये शिरला. पोटाखाली तोंड घालून त्यानं बराच वेळ शोधलं. त्याला सुतळीची एक गाठ सापडली. ती तोंडात धरून चोखता चोखता तो झोपला.

पहाटे पदूनं अंधारातच पारडू उचलून गोठ्यात नेलं. आत काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. बाटली काढायला हर्षला मागून धावत गेली, पण दारातच थांबली. भुरीनं चाटायला जीभ काढली होती आणि ती अर्ध्यावर थांबली होती. मग तिनं नाक पारडाच्या पोटाला लावलं. तसंच ठेवलं. तिच्या घशातून एक बारीक, आतल्या आत घुमणारा आवाज आला. पारडू जिवंत असताना ती तसा काढायची.

"आयला," पदू म्हणाला. त्यानं नुसता हात लावला आणि दूध आपण होऊन उतरलं. कासंडी भरून फेस वर आला.

धार संपवून बाहेर येताना त्याला वाघ्या पडवीत पालथा पडलेला दिसला.

"मेलं काय गं?"

"झोपलंय."

"हं. रुळलं म्हणायचं. राहू दे मंग."

हर्षला त्या दिवशी कामावर गाणं गुणगुणत होती.

त्या दिवसापासून पिल्लू झोपायला लागलं आणि म्हैस रेकायला लागली. संध्याकाळची धार झाली, हर्षलानं पारडू उचललं की भुरी दावं ताणायची, मान वर करून रेकायची.

"माजावर आली जणू," सोनुबाई म्हणाली.

हर्षलाला कारण माहीत होतं. म्हणजे अंदाज होता, आणि नुसत्या अंदाजावर तिचं समाधान होत नसे. ऊब की आवाज? दोन्ही एकदम बदललं तर काहीच कळणार नाही. एका सकाळी तिनं बाटली काढून घेतली आणि घड्याळ राहू दिलं. भुरीला फरक पडला नाही. दुसऱ्या सकाळी तिनं ऊन पाण्याची बाटली आत ठेवून घड्याळ काढून घेतलं. भुरीनं पोटाला नाक लावलं. मग दुसऱ्या कुशीला लावलं. मग कपाळानं हळूच ढकललं, तर पारडू आडवं झालं. सुट्टी होती म्हणून हर्षला पायरीवर बसून पाहत राहिली. आडव्या पारडाच्या मानेखाली तोंड घालून भुरी त्याला उठवत होती. उठत नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिनं वैरणीला तोंड लावलं नाही, आंबोणावर माश्या बसल्या.

संध्याकाळी हर्षलानं घड्याळ परत ठेवलं. पुन्हा करून पाहिलं नाही. दया आली म्हणून नव्हे. उत्तर मिळालं होतं.

पदूला घड्याळ सापडायला फार वेळ लागला नाही. पारडू खाली ठेवताना त्याला टिकटिक ऐकू आली. त्यानं आत हात घातला, घड्याळ बाहेर काढलं, पाहिलं आणि मांडीवर थाप मारून हसला.

"सोनू, ये गं बघायला! पोरीनं मेल्यात जीव घातला!"

सोनुबाई पदर तोंडाला लावून हसली. "अशी अक्कल चुलीपुढं चालव म्हणावं जरा."

पदूनं घड्याळ जपून परत आत ठेवलं. हसणं थांबल्यावर तो विचार करताना दिसला. तो हिशेब सोपा होता आणि हर्षलाला तो त्याच्या आधी कळला.

"आजपास्नं पारडू हितंच राहील, भुरीपुढं. रातभर."

"मग वाघ्या?"

"त्याला बघ दुसरं कायतरी."

"दुसरं सगळं बघून झालं, बाबा."

"मंग नको बघू. दूध म्हैस देती का तुजा वाघ्या देतो?"

त्या रात्री हर्षलानं वाघ्यालाच गोठ्यात नेलं आणि पारडाच्या पोटाशी ठेवलं. दोघांनाही तेच हवंय तर दोघांनाही ते मिळावं, इतकंच तिनं धरलं होतं. वाघ्या सवयीनं काठ्यांमध्ये शिरला. भुरीनं त्याला हुंगलं. आपल्या पोराच्या पोटाला कुत्रं लागलंय, एवढंच तिला दिसलं असावं. तिनं मान खाली घालून झटका दिला. पिल्लू भिंतीवर आपटून खाली आलं तेव्हा त्याचा मागचा पाय मांडीपासून उलटा फिरला होता.

आता ते खरंच रडत होतं. हर्षलानं फळकुटाचा तुकडा लावून पाय बांधला, ओटीवर मांडीत घेऊन बसली. पदू आतून ओरडला, मग बाहेर आला, पिल्लाकडं पाहिलं, खुंटीवरच्या रिकाम्या पोत्याकडं पाहिलं आणि आत गेला. पोत्याकडं गेलेली ती नजर पाहून ती घाबरली.

सकाळी निघताना ती म्हणाली, "बाबा, संध्याकाळी मी त्याला खोपोलीला जनावरांच्या डॉक्टरकडं नेते. तोवर त्याला काय करू नका. तुमच्या पाया पडते."

"जा तू. बस चुकंल."

ती परत आली तेव्हा खोकं धुऊन उलटं वाळत घातलं होतं.

"हाटेलापाशी सोडलाय," पदू म्हणाला. "शिळफाट्याला. तिथं खायला मिळतं. उपाशी नाय मरायचा."

"तिकडं पेंड आणायला गेले हुते, मंग जाता जाता," सोनुबाईनं भर घातली. "आता तोंड पाडून बसू नको गं. कुत्रंच हुतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षला शिळफाट्याला बसमधून उतरली. टपरीवाल्यानं तिला लगेच ओळखलं.

"ते लंगडं होय, ताई? काल दुपारीच गेलं."

"ट्रकखाली?"

"नाय, टेंपो. चालू ठेवून ड्रायवर चहा पित हुता. हे सरपटत इंजिनाखाली शिरलं. मी काठी घालून हुसकलं, तर परत तिथंच. ऊब लागती ना, वर ते टुकटुक. गाढ झोपलं." त्यानं गाळणं झटकलं. "टेंपो निघाला तर वरडलं पण नाय."

हर्षला पुढच्या बसनं कामावर गेली. दिवसभर तिनं नमुने तपासले, आकडे लिहिले, एकही चुकला नाही. एकदाच, पाणी प्यायला गेली असताना, ती नळ सोडून तशीच उभी राहिली.

टेंपोखाली ते का शिरलं हे तिला कळत होतं. तेवढं एकच तिनं त्याला शिकवलं होतं.

संध्याकाळी पदू कासंडी घासत होता. दूध वाढल्यापासून त्याचा आवाज मऊ झाला होता.

"हर्षू, चावी देऊन ठेव गं घड्याळाला. इसरू नको."

"देते."

ती गोठ्यात गेली. भुरी पारडाला चाटत होती. हर्षला आली म्हणून तिनं क्षणभर तिचाही हात चाटला. जीभ खरखरीत आणि ऊन होती. हर्षलानं शिवणीतून घड्याळ काढलं. चावी फिरवली. रोजच्यासारखी घट्ट लागेपर्यंत फिरवली आणि मग थांबली नाही. दोन्ही हातांनी धरून पुढं फिरवली. आत काहीतरी कट्कन तुटलं आणि चावी सैल होऊन तिच्या बोटांत गोल गोल फिरायला लागली.

घड्याळ तिनं होतं तिथं ठेवलं. दाभण आणून पोट नीट, जवळ जवळ टाके घालून शिवलं. गाठ मारली. भुरी तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. आता काय होणार ते हर्षलाला ठाऊक होतं. आधी नाक लावील. मग दुसऱ्या कुशीला. मग कपाळानं ढकलील.

तसंच झालं, त्याच क्रमानं. जेवणं उरकून दिवे मालवले आणि भुरी रेकायला लागली. मधेच थांबायची, ऐकायची, पुन्हा सुरू व्हायची.

पदू दोनदा उठून गोठ्यात गेला. तिसऱ्यांदा परत आला तो तिच्या अंथरुणापाशी उभा राहिला.

"चावी नाय दिलीस काय?"

"दिली."

"मंग वाजत कसं नाय?"

"जुनं हाय, बाबा. बंद पडलं असंल."

"रातभर रेकंल आता ती! दूध आटंल! कर की कायतरी, शिकलेली ना तू?"

"दोन-तीन दिवस," हर्षला म्हणाली. "कुणी जवळ जायचं नाय. मग रुळंल ती."

गोठ्यातून काठीचा आवाज आला. "गप! गप गं भवाने!" आणि पुन्हा काठी. सोनुबाई कानांवर हात दाबून कुशी बदलत होती. भुरी प्रत्येक फटक्यानंतर गप्प व्हायची, आणि मग पुन्हा हाक मारायची.

हर्षलानं पांघरूण छातीवर ओढलं आणि थोडा वेळ ऐकलं. नंतर तिला झोप लागली ती उन्हं खिडकीत येईपर्यंत मोडली नाही.