माती कुणी द्यावी

देवळाली प्रवराच्या मशिदीत वर्षातून एका रविवारी गावातल्या इतर धर्मांच्या मंडळींना बोलावतात. या, आत बसा, काय विचारायचं ते मोकळेपणानं विचारा. याला ‘मशीद परिचय’ म्हणतात, आणि हा परिचय करून द्यायचं काम सहा वर्षांपासून दस्तगीर तांबोळी सरांच्या गळ्यात पडलं होतं. मौलाना बिहारचे, त्यांना मराठीची अडचण. सरांनी तर अडतीस वर्षं हायस्कुलात मराठीच शिकवलेलं. मग दुसरं कोण सापडणार?

सरांना आता त्याचा वीट आला होता. ज्या गावात आपली नाळ पुरली, त्याच गावापुढं दरवर्षी हात जोडून उभं राहायचं आणि सांगायचं, की आम्ही असे असे आहोत बरं का. समोर बसलेल्यांत निम्मे त्यांचेच विद्यार्थी. ज्याला आपण बाराखडीपासून ओळखतो, त्याला आपली ओळख करून द्यायची, हा काय प्रकार आहे?

“यंदाचं शेवटचं,” त्यांनी अकीलला बजावलं होतं. अकीलचं बसस्टँडजवळ मेडिकल दुकान, आणि कार्यक्रमाची सगळी धावपळ त्याचीच. “गुडघे गेलेत माझे. पुढच्या वर्षी दुसरा बकरा शोध.”

गुडघे दुखत होते हे खोटं नव्हतं. पण खरं दुखणं वेगळं होतं, आणि त्या दुखण्याचं नाव आसाराम.

आसाराम म्हणजे सरांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करून द्यायचं त्याचं दुकान. चाळीस वर्षं सकाळचा चहा सरांच्या ओट्यावर. सरांची बायको खैरून मोहरमला चोंगे, म्हणजे गुळाच्या गोड पुऱ्या, तळायला बसली, की पहिला गरम चोंगा उभ्या उभ्या खाणारा हाच, आणि “बसून खा रे, ठसका लागंल,” म्हणून तिच्या शिव्या खाणाराही हाच. ती खैरून अकरा महिन्यांपूर्वी गेली. तालुक्यातून माणसं आली, राहुरीहून जुने मास्तर आले, पार शिर्डीहून तिच्या बहिणीचे हार-फुलंवाले शेजारी आले. आसाराम आला नाही. तिला माती द्यायला आला नाही, नंतर ओट्यावर आला नाही.

सरांनीही मग त्याच्याकडं बघायचं सोडलं. हल्ली मोबाईलवर कसले कसले मेसेज फिरतात ते त्यांना ठाऊक होतं. बाकीच्यांचं सोडा, पण हाही त्यातलाच निघाला, हे काही त्यांच्या गळ्याखाली उतरेना. चाळीस वर्षांच्या चहानं जे कळलं नाही, ते आपल्या एका तासाच्या भाषणानं कुणाला काय कळणार? सगळं पालथ्या घड्यावर पाणी, असं त्यांचं मत झालं होतं.

तर त्या रविवारी दहाच्या सुमाराला साठ-सत्तर माणसं जमली. सर खुर्चीत बसले आणि गाडी सुरू झाली. ईश्वर एकच, त्याला रूप नाही, म्हणून इथं मूर्ती नाही. त्याचं म्हणणं माणसांपर्यंत आणणारे प्रेषित पुष्कळ झाले, मुहम्मद पैगंबर शेवटचे. पाच गोष्टी नेमाच्या: ईश्वर एकच असल्याची साक्ष, दिवसातून पाच वेळा नमाज, रमजानचे रोजे, गरिबासाठी जकात, म्हणजे नेमाचं दान, आणि ऐपत असेल तर आयुष्यात एकदा हज. हा भिंतीतला कोनाडा, तो मक्केची दिशा दाखवतो. इथं कुणाची जागा राखीव नाही. कारखान्याचा संचालक आणि ऊसतोड्या खांद्याला खांदा लावून उभे राहतात.

मग इतिहास. मक्का, मदिना, दमास्कस, बगदाद. आपल्याकडचे आकडे अरबांनी उचलले आणि युरोपापर्यंत पोचवले, बीजगणिताला आकार दिला, दवाखाने काढले, तारे मोजले. नगरला निजामशाहीनं डोंगरातलं पाणी खापरी नळांनी शहरात खेळवलं. दुकान, कागद, तारीख, जमीन हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि इथलेच होऊन बसले. चौदाशे वर्षं सरांनी वीस मिनिटांत उरकली. आवाज चालला होता, मन कुठंच नव्हतं.

“सर, तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!” मैत्रेयी नावाच्या एका नव्या प्राध्यापिकेनं मनापासून कौतुक केलं.

“शिकवायचो मी,” सर म्हणाले. दरवर्षी कुणीतरी हे म्हणतंच. बाई चांगली होती, म्हणून तर जास्त थकायला झालं.

तेवढ्यात त्यांना मागच्या खांबापाशी आसाराम दिसला. मांडी घालून, मान खाली घालून बसलेला. सरांना संताप आला. घरी यायला पाय मोडले होते, आणि इथं परक्यासारखा परिचय करून घ्यायला आला होय?

“आणखी कुणाला काही विचारायचंय?” अकीलनं माईक फिरवला. आसाराम उठला. माईक त्यानं घेतलाच नाही.

“मास्तर, मयताला माती देत्यात तुमच्यात, तीन मुठी. ती आमच्यासारख्यानं दिली तर चालती का? ते हात-पाय धुयाचं, वजू, ते केल्याबिगर?”

“चालते की,” सर कोरडेपणानं म्हणाले. “वजू जनाज्याच्या नमाजाला लागतो. माती कुणीही द्यावी. का विचारतोस?”

आसारामचा चेहरा असा उतरला, की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

“म्हंजे चालली असती,” तो म्हणाला.

“काय?”

“गेल्या साली मी इथंच बसल्तो, मास्तर. तुमी म्हनले, वजूबिगर जनाज्याला उभं ऱ्हात न्हाईत. पुढं महिन्यात भाबी गेली. मी दुकानातनं तसाच पळत आलो, हात वार्निसानं बरबाटल्याले. मागं कबरस्तानाच्या फाटकाशी आलो आनि पाय उचलंना. वजू कसा करत्यात ते ठावं न्हाई. म्हनलं, आपल्या पायी भाबीच्या वाटंत खोट नको.”

“अरे, पण माझ्या अब्बांना तू माती दिली होतीस!”

“दिल्ती की. तवा काय म्हाईतच नव्हतं, म्हनून दिली. तुमचं आयकल्यावर वाटलं, तवाबी चुकलंच आपलं. फाटकाशीच उभा ऱ्हायलो, समदे जाईस्तोवर. नंतर तुमी माझ्याकडं बघंनात. मला वाटलं, आलो न्हाई म्हनून राग हाय, आनि त्यो खराच हाय. मंग मलाबी तोंड हुईना.”

सरांना गेलं वर्ष लख्ख आठवलं. खैरून घरी अंथरुणाला खिळलेली, त्यांचं सगळं लक्ष घड्याळाकडं. त्याआधी दरवर्षी नेमानं सांगितलेलं एक वाक्य, ‘माती मात्र कुणीही द्यावी, ती माणुसकीची आहे,’ त्यांनी त्या दिवशी गाळलं. कोण ऐकतंय, म्हणून गाळलं. ऐकणारा खांबापाशी बसला होता आणि त्यानं शब्द न् शब्द ऐकला होता. अकरा महिने ज्या माणसाला ते मनात नावं ठेवत होते, त्याला फाटकाबाहेर त्यांनीच उभं केलं होतं.

त्यांनी पुढचं अकीलवर सोपवलं, आसारामचा दंड धरला आणि मागच्या दारानं बाहेर पडले. कबरस्तान मशिदीला लागूनच. फाटकाशी आसाराम पुन्हा थबकला. सरांनी त्याला आत ओढलं.

खैरूनच्या कबरीवरची माती एका पावसाळ्यानं बसून घट्ट झाली होती. आसारामनं खिशातून टेस्टर काढला, शेजारची जमीन उकरली आणि ढेकळं बोटांनी बारीक केली. एक मूठ, दुसरी, तिसरी.

“भाबी, उशीर झाला,” तो म्हणाला. “रागावू नका.”

“उशीर माझ्यामुळं झाला,” सर म्हणाले. “कंटाळा आला होता मला, आसाराम. तुला बाहेर मीच ठेवला. आणि वर तुलाच वाईट समजत राहिलो.” ते कबरीशेजारी खाली बसले. अकरा महिन्यांत पहिल्यांदा रडले, आणि रडतानाही थकलेलेच होते.

आसारामनं त्यांना रडू दिलं. मग हात झटकत म्हणाला, “मास्तर, आत मानसं बसल्यात अजून.”

“अकील बघेल. मी आता सोडलं हे सगळं.”

“त्याला काय सांगता येतंय? तुमी जा. त्यांच्यातला येखांदा उद्या असाच कुनाच्या तरी फाटकाशी उभा ऱ्हाईल.”

सरांनी कबरीच्या कडेला हात टेकून गुडघ्यांवर जोर दिला, पण उठता येईना. मग आसारामनं त्यांना काखेत हात घालून उभं केलं, आणि ते मशिदीकडं चालू लागले.