फळ्यांवरचा डबा

पुतणीला नवा नाद लागला होता. मोबाइलवरच्या खुणेवरून कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत सही करायची. आज डबा बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीत होता, म्हणून तिने काकांना सोबत घेतलं. काकांनी तिथे सव्वीस वर्षं माणसं खाली-वर नेणारा पाळणा चालवला होता.

"काका, अजून बारा पावलं."

काका थबकले. बारा पावलांवर काय होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. "जागची हलू नकोस."

त्यांनी झुडपं बाजूला सारली. समोर कुजलेल्या फळ्या. एक धोंडा टाकला, तर फळी मोडून तो खाली गेला. आवाज यायला इतका वेळ लागला की पुतणीने त्यांचा दंड घट्ट धरला.

डबा कडेलाच होता. काकांनी सळईने ओढून घेतला. वहीत एकेचाळीस सह्या. एकाने लिहिलं होतं, 'पोरांनी फळ्यांवर उड्या मारल्या.' काकांच्या मस्तकात तिडीक गेली. पहिल्या पानावर डबा ठेवणाऱ्याचं नाव आणि नंबर होता. नाव ओळखीचं निघालं, खाणीचे जुने सुरक्षा अधिकारी. काकांनी तिथूनच फोन लावला.

"साहेब, खाणीच्या तोंडावर नुसत्या फळ्या आहेत."

"छे, सिमेंटने बुजवलंय. कागदावर माझी सही आहे."

"कागद राहू द्या. बघायला आला होतात?"

साहेबांचा आवाज उतरला. "डबा माझ्या नावाने जावयाने ठेवला हो. काढून टाकतो. आपण जुनी माणसं, उगाच बोभाटा कशाला?"

"त्या फळ्या मी टाकल्यात, एका रात्रीपुरत्या. उद्या सिमेंट येतं म्हणालात, आणि उद्यापासून आम्हाला फाटकातसुद्धा घेतलं नाहीत. वर्षं लोटली त्याला."

फोन बंद करून काका तडक पोलीस चौकीत गेले आणि वही टेबलावर आपटली.

"खेळातली वही आहे ही," हवालदार म्हणाला.

"जीव वाचलेल्या माणसांची यादी आहे. लिहून घ्या."

रोज खेटे घातले, तेव्हा कुठे तिसऱ्या आठवड्यात सिमेंटची गाडी आली. पुतणीला वाटलं, आता काका निवळतील.

"किती वेळ लागला?" काकांनी फावडं धुणाऱ्या मजुराला विचारलं.

"तीन तास."

"तीन तास," काका दातओठ खात म्हणाले, आणि पुतणीचीही वाट न बघता घराकडे चालू लागले.