केसभर वर

थोरलीने ओबो ओठांना लावला की सगळा हॉल गप्प व्हायचा. एरवी ही पोरं म्हणजे नुसता गलका. कुणी खुर्ची फरफटवतंय, कुणी व्हायोलिनच्या गजाने पुढचीची वेणी उचलतंय, मागे ढोलवाला उगाच ढुमढुम करत बसलाय. पण ओबोची ती काळी नळी एकच लांब सूर धरायची आणि सगळी पोरं जिवाचा कान करून ऐकायची. मग आपापलं वाद्य त्या सुराला जुळवायची. आधी फुंकणारे, मग चेलो, शेवटी व्हायोलिनं. ऑर्केस्ट्राची रीतच आहे तशी. सर उभे असले तरी तेवढ्यापुरतं राज्य ओबोवालीचं. शाळा नुकतीच संपलेली पोर ती, तिला ह्याचा तोरा नसता तरच नवल होतं.

ऑर्केस्ट्रांची स्पर्धा जवळ आली तेव्हा एकदा तालमीनंतर सरांनी तिला वाद्यांच्या खोलीत बोलावलं. हे सर कधी ओरडत नसत. पोरं त्यांना पाठीमागे ‘साखरसर’ म्हणायची, आणि तरी त्यांच्यापुढे सगळ्यांची दातखीळ बसायची.

"उद्यापासून सूर केसभर वर दे," सर म्हणाले. "अगदी केसभर. सूर चढला की आवाज उजळतो. बाकीचे ऑर्केस्ट्रे आपल्यापुढे मळके वाटतील."

"पण सर, सगळ्यांना कळेल ना?"

"कसं कळेल? ते तुझंच ऐकतात." त्यांनी तिच्या हातावर एक छोटी डबी ठेवली. आत ओबोच्या तोंडाशी बसवायची वेताची रीड होती, सूर चढाच निघावा म्हणून नेहमीपेक्षा आखूड कापलेली. "हे आपल्या दोघांतच राहू दे."

आपल्या दोघांत! झालं, पोरगी चढली हरभऱ्याच्या झाडावर. घरी जाताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या दाराशी एक टोपली आली. सगळ्यांनी मोबाइल त्यात टाकायचे, कारण मोबाइलवर सूर तपासला की कान आळशी होतात म्हणे. पियानोला कुलूप लागलं. आता सूर ताडून बघायला हॉलमध्ये तिच्याशिवाय दुसरं काहीच उरलं नाही. तिने सूर दिला, केसभर वर. पोरांनी तारा ताणल्या आणि काय सांगावं, खरंच आवाज लखलखला. आठवड्याने सर तिच्याजवळून जाताना हलकेच म्हणाले, "अजून केसभर." त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

क्लॅरिनेटवाला कुरकुरला. सूर चढवायचा म्हणजे त्याला नळीचे सांधे आत दाबावे लागत. "माझं सगळं आत गेलं, आता काय मी पण आत शिरू?" पोरं खिदळली. सर हसले नाहीत, तेव्हा पोरंही थांबली. मग एक दिवस पुढच्या रांगेतल्या मुलीची तार तुटून तिच्या गालावर बसली. रक्त आलं. सर म्हणाले, "तार आहे, तुटायचीच," आणि तिची खुर्ची बाजूला घेऊन तालीम पुढे चालू केली. थोरलीने तेव्हा पहिल्यांदा मान वळवून चेलोंकडे पाहिलं.

कारण तिचा भाऊ, बारक्या, चेलोवाल्यांत पुढे बसायचा आणि त्याच्या गुडघ्यांत बाबांचा चेलो असायचा. बाबा गेले तेव्हा घरात त्यांचं म्हणून एवढंच उरलं. चेलोच्या पोटावर एक जुनी चीर होती. दुरुस्तीवाल्या काकांनी ती सरसाने सांधून आतून लाकडाचे चिमुकले तुकडे बसवले होते. चेलो परत देताना काकांनी बोट वाकवून त्यावर टकटक केलं आणि थोरलीला बजावलं होतं, "बिनधास्त वाजवू दे त्याला. पण तारा आहेत त्याहून ताणायच्या नाहीत. ही चीर पुन्हा उघडली तर माझ्याकडे आणू नका बाई, मला बघवणार नाही." स्पर्धेनंतर बारक्याची संगीत विद्यालयाची प्रवेशपरीक्षा होती. दुसरा चेलो घेण्याची घरची ऐपत नव्हती.

हल्ली तो चेलो भर दुपारी कोपऱ्यात उभ्या उभ्या करकरायचा. जेवताना आवाज आला की थोरलीचा घास हातातच राहायचा.

"हवा बदलली की लाकूड बोलतंच," आई म्हणायची. "खा तू. आणि ह्या बारक्याचे कान बघ, अगदी तुझ्या बाबांचे. एकदा ऐकलेला सूर विसरत नाही मेला."

बारक्या आमटीच्या वाटीवर चमच्याने टिणकन वाजवायचा. "ही आपल्या सुराच्या जराशी खाली आहे, ताई. हो ना?"

थोरली त्याच्या हातातून चमचा काढून घ्यायची.

शेवटी एकदा तिने धीर केला. तालमीनंतर सरांपाशी जाऊन म्हणाली, "सर, सूर पुन्हा खाली आणू या का? माझ्या भावाच्या चेलोला जुनी चीर आहे. त्याला सोसायचं नाही."

सरांनी चष्मा काढला, सावकाश पुसला. "दमलीस का गं? दमली असलीस तर सांग. मागची मुलगीही छान वाजवते. ती देईल सूर."

मागची मुलगी म्हणजे दुसरी ओबोवाली. थोरली पटकन म्हणाली, "नाही सर, दमले नाही." बोलली आणि तिची तिलाच चीड आली. पण शब्द तर गेला होता.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी बारक्या अंघोळीला गेल्यावर तिने चेलो खिडकीशी नेला. सांध्याच्या टोकापुढे एक बारीक काळी रेघ निघाली होती. परवा ती नव्हती. तिने त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

तेव्हा मात्र तिने ठरवलं. मान गेला खड्ड्यात, सर गेले खड्ड्यात. आखूड रीड तिने घरीच टेबलावर टाकली आणि आपली जुनी रीड डबीत घेतली. खरा सूर द्यायचा. सगळे आपोआप खाली उतरतील, तारा सैल होतील, संपला विषय. इतकं सोपं होतं आणि आपण उगाच जीव जाळत बसलो, असं तिला वाटलं.

मंचावर दिवे लागले. समोर परीक्षक, त्यांच्या मागे काळोखात पोरांचे आईबाप. सरांनी तिच्याकडे बघून मान हलवली. तिने सूर दिला. खरा, स्वच्छ, कित्येक आठवड्यांनी.

कुणी जुळवलाच नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "खाली आहे," कुणीतरी कुजबुजलं. क्लॅरिनेटवाल्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने भर मंचावर चप्पल फेकली.

"पुन्हा," सर शांतपणे म्हणाले.

तिने पुन्हा तोच दिला. जीव ओतून दिला, लांबच लांब धरला. कुणाचाच हात हलला नाही, कारण ह्या सगळ्या कानांत आता दुसराच सूर मुरला होता आणि तो तिनेच मुरवला होता. सर रागावले नाहीत. ते वळून चेलोंकडे बघत राहिले.

बारक्याने तिच्याकडे पाहिलं. ताई घाबरली, ताईचं हसं होतंय, एवढंच त्याला कळलं. घाबरू नको, मी आहे, असं त्याने डोळ्यांनी सांगितलं, गज उचलला आणि पाठ असलेला सूर आपल्या तारेवर लावला. चढा. पोरांचे चेहरे उजळले, भराभर सगळे त्याला जुळवायला लागले.

थोरलीने जोरजोरात मान हलवली. नको, नको रे!

बारक्याला वाटलं, सूर अजून पोचला नाही. त्याने खुंटी धरली आणि आणखी केसभर पिळली.

काडकन आवाज झाला. फार मोठा नव्हता. तारा तोलून धरणारी चेलोची घोडी आडवी पडली, तारा लोळागोळा झाल्या, आणि वरपासून खालपर्यंत चीर अशी उघडली की आतला अंधार दिसला. मागे कुठेतरी आईची खुर्ची वाजली.

"मागे घ्या त्याला," सर हळूच म्हणाले. मग ते थोरलीच्या डोक्यावरून मागच्या मुलीकडे बघून म्हणाले, "हं, सूर."

मागच्या मुलीने डबी उघडली. तसलीच छोटी डबी, तशीच आखूड रीड. तिचा सूर आला, लखलखीत आणि चढा, आणि सगळा ऑर्केस्ट्रा एका दमात त्याला मिळाला.

पडद्याआड बारक्या फुटका चेलो मांडीवर घेऊन बसला होता. तो सूर ऐकला आणि त्याने मान वर केली. गालांवर पाणी होतं, पण चेहरा सुटला होता. मंचावर बसलेल्या बहिणीकडे बघून तो पुटपुटला, "हाच. बघ ताई, माझा बरोबरच होता."