कळ्यांसकट आणलेलं झाड

शेनारोला कॅमेलियाचं झाड हवं होतं, आणि तेही माणसाच्या डोक्यावर जाईल एवढं. नर्सरीवाल्याने कुंड्यांतली गुडघाभर रोपं पुढे मांडली, तेव्हा तो असा खेकसला की बिचारा मागेच सरला.

"तीन-चार वर्षं धीर धरा हो, आजोबा. फुलांखाली अंगण दिसायचं नाही."

"तूच धर धीर," शेनारो म्हणाला आणि ट्रॅक्टरवर जाऊन बसला.

धीर धरायला वेळ होता कुठे? ऑगस्टमध्ये सान्तियागोच्या डॉक्टरने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बायकोच्या पोटातली गाठ आता कापण्यापलीकडे गेलीय. नाताळ बघेल, पुढचं विचारू नका. बायकोला, दोसिंदाला, मात्र सांगितलं की आतड्याला सूज आहे, वसंतात हिंडाफिरायला लागशील. यात शेनारोने जगावेगळं काही केलं नाही. स्पेनच्या या कोपऱ्यात, आमच्या गॅलिसियात, रीतच आहे ही: दुखणं एका आजाऱ्याला सोडून सगळ्यांना सांगायचं. पाद्रीबाबांना माहीत होतं, पाववालीला माहीत होतं. सगळे खिडकीतून डोकावून "आज चेहरा तरतरीत दिसतोय हं!" म्हणायचे आणि वळणापलीकडे गेले की छातीवर क्रूस काढायचे. लेकीला, उक्सियाला, तेवढं कळवलं नव्हतं. ती झुरिचला लाँड्रीत कामाला होती आणि पोटात काही ठेवणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

एका सकाळी दोसिंदा उशीवरून बाहेर बघत म्हणाली, "माझ्या आईच्या दारात कॅमेलिया होतं बघ. थंडीत सगळं मेल्यासारखं पडलेलं असायचं आणि ते आपलं लालभडक. आपल्या दारात काय, तर कोबी!"

बोलली आणि विसरून गेली. शेनारो कसला विसरतोय? त्याने मनाशी घेतलं: हे झाड हिच्या खिडकीपुढे याच हिवाळ्यात फुललं पाहिजे, आणि तोवर हिला कशाचा वास लागता कामा नये. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

मग सुरू झाली वणवण. हवेलीच्या माळ्याने त्याच्यावर कुत्रं सोडलं. दफनभूमीतल्या एका झाडावरही त्याचा डोळा होता, पण तेवढी लाज शिल्लक होती. शेवटी दोसिंदाचा भाऊ बाल्बिनो बातमी घेऊन आला, की डोंगरापलीकडच्या एरुंदिना म्हातारीचं घर रस्त्याच्या रुंदीकरणात जाणार आहे आणि तिच्या दारात हे भलंमोठं कॅमेलिया आहे.

"न्यायचं तर ने," एरुंदिना म्हणाली. "नाहीतरी ते यंत्र खाणारच आहे त्याला. पण आता कशाला हलवतोस? कळ्यांनी भरलंय. दिवस भरत आलेल्या बाईला कुणी घराबाहेर काढतं का?"

"आत्ताच हवंय, मावशी."

"मग कळ्या सगळ्या खुडून टाक आणि फांद्या निम्म्यावर आण. तुटक्या मुळांनी एवढं ओझं ओढवायचं नाही त्याला. यंदा फूल दिसणार नाही, पण जगेल."

शेनारोने नुसती मान डोलावली. त्याला हे सांगायला हवं होतं होय? पंचक्रोशीत कुणाला झाड हलवायचं झालं की शेनारोलाच बोलावणं यायचं.

खोदून झालं, मुळं गोणपाटात बांधून झाली, आणि बाल्बिनोने सवयीने कात्री उचलली. शेनारोने ती हिसकावून घेतली.

"एका कळीला हात लावलास तर हात तोडीन!"

"अरे, मरेल ते!"

"मरू दे. नाताळनंतर मरू दे."

तोंडातून गेलं ते गेलं. बाल्बिनो झाडामागे जाऊन बराच वेळ नाक शिंकरत राहिला. सख्खी बहीण होती त्याची.

दुपारी झाड दारात उभं राहिलं तेव्हा दोसिंदाने लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. "अगं बाई! हे कुठून उचललंत चोरांनो?" तिने भावाला वाइन ओतायला लावली, भाजलेले चेस्टनट खायला घातले, आपणही एक चघळला. शेनारोला वाटलं, जिंकलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याचे खांदे सैल पडले.

बाल्बिनो गेला. दोसिंदा झाडाकडे बघत राहिली. हळूहळू तिचं हसू ओसरलं.

"शेनारो, कळ्या का ठेवल्यास?"

"राहिल्या."

"राहिल्या? सफरचंदाचं रोप लावलं की दोन वर्षं फळ धरू देत नाहीस तू. मी हातापाया पडले तरी खुडून टाकतोस. आणि या झाडाची एक कळी तुटलेली नाही?"

"तुला फुलं बघायची होती म्हणून..."

"पुढच्या वर्षी बघितली असती."

त्याला एवढंच म्हणायचं होतं, बघशीलच की. ऑगस्टपासून हे तो उठताबसता म्हणत आला होता. पण आता तो टोपी हातात फिरवत उभा राहिला, आणि दोसिंदा त्या टोपीकडे बघत राहिली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"ऑगस्ट."

"उक्सियाला?"

"नाही."

"मेल्या!" दोसिंदा अशी ओरडली की परसातल्या कोंबड्या फडफडल्या. "सप्टेंबरात येत होती ना पोरगी? मीच नको म्हटलं. सुट्टी ईस्टरला राख म्हटलं, तोवर मी उठेन, दोघी समुद्रावर जाऊ म्हटलं. गुत्त्यातल्या फोनपाशी मला तूच धरून नेलं होतंस. शेजारी उभा राहून ऐकलंस सगळं!"

"तू घाबरली असतीस गं."

"घाबरले असते. माझं मरण आहे, मी घाबरेन नाहीतर नाचेन! माझी पोर किती दिवस मिळाली असती मला, हिशोब कर." तिला धाप लागली. "जा. फोन कर तिला. तुझ्या तोंडाने सांग."

गुत्त्यात पत्ते चालले होते. शेनारोने नंबर मागितला तसे सगळ्यांनी हातातले पत्ते खाली ठेवले. 'आई जाणार आहे' एवढे शब्द त्याने तोवर एकदाही उच्चारले नव्हते. आता त्या सगळ्यांसमोर उच्चारले. पलीकडून उक्सिया म्हणाली, "बाबा, सप्टेंबरात मी तिकीटसुद्धा काढलं होतं," आणि मोठमोठ्याने रडायला लागली.

तो परतला तेव्हा दोसिंदा उशांना टेकून बसली होती आणि खिडकी सताड उघडी होती.

"मिळेल त्या गाडीने निघते म्हणाली."

"कात्री घे," दोसिंदा म्हणाली.

त्याला कळलं. "नको गं, दोसिंदा. पाया पडतो. एवढं तरी राहू दे."

"ती पोचेपर्यंत मी असेन, नसेन. दारात शिरताना पोरीला दोन मेलेली दिसायला नकोत. झाड जगलं पाहिजे. घे कात्री."

शेनारो अंगणात गेला आणि कळ्या काढू लागला. काही हिरव्या घट्ट होत्या, काहींच्या टोकाला लाल चीर पडली होती. रडत रडत त्याने खालच्या काढल्या, मग मधल्या. दोसिंदा खिडकीतून दाखवत होती, डावीकडची, त्या पानामागची. भिंतीकडच्या बाजूला एक कळी उमलायच्या बेतात होती. ती त्याने पानाआड सारली आणि पुढे सरकला.

"शेनारो."

"काय?"

"ती पण."

त्याने हात आत घातला आणि ती कळी तोडली. दोसिंदाने शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"आता फांद्या," ती म्हणाली, आणि तो शिडी आणायला गेला.