तळटीप बाबांना लागू नाही

माझ्या दादाच्या प्रत्येक मेलखाली हातभर लांब शेपूट असतं. 'हा मजकूर गोपनीय आहे. तो आपल्यासाठी नसल्यास वाचू नये, जपून ठेवू नये, त्यावर कोणतीही कृती करू नये. अन्यथा कायदेशीर कारवाई होईल.' कुठल्याशा बड्या कंपनीच्या मेलवरून त्याने ते जसंच्या तसं उचललंय, 'आमच्या समूहातील सर्व कंपन्या' या शब्दांसकट. आमचा समूह म्हणजे वजनकाट्यांचा एक कारखाना, तो चालवणारे दादा आणि बाबा. मी वकील, म्हणून घरची फुकट सल्लागार. 'जेवायला येतेस का?' एवढं विचारलं तरी खाली मला कारवाईची धमकी असतेच.

हजारदा सांगून झालं, की अरे, असल्या तळटिपेला कायद्यात फारशी किंमत नसते. तू एकट्याने लिहिलंस म्हणून समोरचा बांधला जात नाही, त्याने हो म्हणावं लागतं. आणि ती असते तळाशी. तिथवर पोचेतो माणसाचं सगळं वाचून झालेलं असतं. पण पालथ्या घड्यावर पाणी!

त्याची दुसरी खोड म्हणजे नवा मेल लिहायचा त्याला भारी कंटाळा. कुठलाही जुना मेल उकरून काढायचा आणि 'रिप्लाय ऑल' दाबून मोकळं व्हायचं. परवा त्याने मला लिहिलं, 'बाबांची नजर गेली. चुकीचे काटे पास करतायत. शेवटची तपासणी दुसऱ्याकडे देऊ. बाबांच्या टेबलावर आधीच तपासलेले काटे ठेवत जाऊ, त्यांना कळणारही नाही. तुझं मत?' हे लिहिलं कशावर, तर बाबांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ ठरवली होती त्या मेलवर. त्यात आम्ही तिघंही होतो.

थोड्या वेळाने फोन आला.

"वकीलबाई, घोळ झाला. तू बाबांना लिही, की खालची सूचना त्यांना बंधनकारक आहे. मेल डिलीट करा, वाचलाच नाही असं समजा."

"दादा, तू शुद्धीवर आहेस ना? बापाला नोटीस पाठवू?"

"मग ते एवढं लिहून ठेवलंय ते कशासाठी?"

मी कपाळावर हात मारला आणि कारखाना गाठला.

शेवटच्या टेबलापाशी बाबा त्यांच्या स्टुलावर बसले होते. समोर काटा, फडक्यावर मांडलेली पितळी वजनं. तयार झालेला प्रत्येक काटा त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. दादा बाजूला तोंड पाडून उभा होता.

"ये," बाबा म्हणाले. मोबाइलवर अक्षरं चांगली बोटभर मोठी केलेली. "हे खाली लिहिलंय ते मला लागू होतं का गं?"

"नाही बाबा."

"म्हणजे मी वाचलं तर गुन्हा नाही?"

"अजिबात नाही. त्याला काडीचा अर्थ नाही."

"ऐकलंस?" ते दादाला म्हणाले. दादाने मान आणखी खाली घातली. मला मनातून बरंच वाटलं. रस्ताभर त्याला झापायची वाक्यं जुळवत आले होते, त्यातलं पहिलं ओठांवर आलंसुद्धा.

"मग हा मेल होता कोणाला?" बाबांनी विचारलं.

"मला."

"शेवटी त्याने तुझं मत विचारलंय. तू काय लिहिणार होतीस?"

कोर्टात मी असल्या प्रश्नाला सहज बगल दिली असती. इथे समोर बाप बसला होता. दादाचा राग आला, त्याहून जास्त माझा स्वतःचा आला.

"'चालेल' लिहिणार होते," मी म्हणाले.

बाबांनी एक वजन उचलून काट्यावर ठेवलं. आकडा पाहायला नाक टेकेपर्यंत वाकले, डोळे बारीक केले, बराच वेळ तसेच राहिले. मग सावकाश उठले आणि त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बस," ते म्हणाले. "किती दाखवतोय, सांग."